पिशवी प्रकल्प : ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांच्या नोंदी, २०२४-२५

१८ जून २०२४, मंगळवार

शाळा शनिवारी उघडली. पट ४६, पहिली ते पाचवी, शिकवायला आम्ही दोघं, मी आणि सर. बालाघाटच्या डोंगरातली वस्ती आहे, बीड जिल्हा. पाऊस झाला तर कापूस, तूर, बाजरी, आणि झाला काय नाही झाला काय, दिवाळी झाली की निम्मी वस्ती कोयता घेऊन निघते.

ही वही वेगळी घातली त्याचं कारण मागच्या मार्चमधलं आहे. दुसरीतला एक मुलगा साडेचार महिन्यांनी परत आला, सकाळी आंघोळ करून, तेल लावून, आणि दारातच उभा राहिला. मी म्हटलं ये की आत. तो हलेना. मग बघितलं तर त्याच्या जागेवर दुसरं पोरगं बसलेलं, आणि त्याला कळंना की आता आपण बसायचं कुठं. मी घाईत होते, म्हटलं बस मागं कुठंतरी. तो मागं बसला आणि एप्रिल संपेपर्यंत मागंच बसला, एकदाही हात वर केला नाही. दिवाळीआधी हाच पोरगा फळ्यावर येऊन शब्द लिहायचा. मला ते सगळ्या सुट्टीत डोक्यातून गेलं नाही.

तर यावर्षी दोन गोष्टी करायच्यात. जाणाऱ्या लेकराबरोबर शाळेची एक पिशवी द्यायची आणि दर आठवड्याला फोन करायचा. आणि त्याची वर्गातली जागा, नावासकट, तशीच ठेवायची. सर हो म्हणाले. बघू.

२७ ऑगस्ट

घरोघरी फिरून झालं. ४६ पैकी २८ लेकरांच्या घरचे यंदा जाणार आहेत. मुकादमाकडून उचल घेऊन झालीय बहुतेकांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि त्या कोयत्यावर मुकादम आधीच पैसे देतो, ती उचल. लाखाच्या घरात असते, कधी जास्त. ते पैसे लग्नाला, दवाखान्याला, बोअरला, जुन्या उचलीच्या फेडीला आधीच गेलेले असतात. मग हंगामभर तोडून ते फेडायचे. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, पहाटेपासून मोळ्या बांधून गाडी भरून देईपर्यंत. जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढवायचं ठरलं, पण खाडा पडला की पैसे कापतातच, म्हणून आजारी असलं तरी बाई उसाच्या फडात उतरते.

हे सगळं मी लिहितेय कारण नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी पालकसभेत या आयांना बोलले आहे, की तुम्हाला लेकरांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही. एकीनं त्या वेळी खाली मान घालून ऐकून घेतलं होतं. आज तिच्याच घरी गेले होते, तिनं चहा केला आणि स्वतःहून म्हणाली, "मॅडम, बारकीला ठिवा तुमच्यापाशी, पण म्हातारीला दिसंना, रातच्याला कोण बघंल तिला." याला काय उत्तर द्यायचं.

हंगामी वसतिगृहाचा पर्याय आहे. लेकरू गावात आजी-आजोबा, काका कोणाकडं तरी झोपतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण, अभ्यास शाळेत, शाळा व्यवस्थापन समिती चालवते. १३ लेकरांच्या घरी मागं कोणीतरी धडधाकट माणूस आहे, ती राहतील. १५ जाणार. त्या १५ जणांसाठी पिशवी.

३० सप्टेंबर

आज पटाची तारीख. आजच्या पटावर पुढची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, आणि तेही आधार जुळलेल्या लेकरांवर. तीन जणांचं आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही, त्याच्यामागं सर चार दिवस तालुक्याला हेलपाटे घालतायत. आज वर्गात ४४ हजर. दीड महिन्यानं याच वर्गात किती असतील ते मला माहीत आहे आणि कुठल्याच रकान्यात ते लिहायला जागा नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

परवा विधानसभेची आचारसंहिता लागली. काल ग्रामपंचायतीनं गावातले सगळे बॅनर उतरवले आणि पंचायतीच्या मागं ढीग पडला. मला पिशव्यांसाठी कापड हवं होतं, आणि साधं कापड फडात, दवात, चिखलात टिकत नाही हा अनुभव आहे, तर शिपाईमामांना विचारलं हे नेऊ का. म्हणाले न्या की मॅडम, जाळायचंच आहे. चौथीतल्या एका मुलीची आई शिवणकाम करते, तिनं छापील बाजू आत घालून, पांढरी बाजू बाहेर काढून १५ पिशव्या शिवायला घेतल्या, वरून झाकण आणि वेलक्रो. पाणी ओतून बघितलं, आत थेंब गेला नाही. शिलाईचे पैसे सरांनी आणि मी निम्मे निम्मे दिले.

पिशवीत काय घालायचं यावर दोन दिवस वाद चालला आमचा. सरांचं म्हणणं स्वाध्याय द्या, पानं भरून आणतील. मी म्हटलं कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, दिवसभर भावंडं सांभाळून, पाणी भरून लेकरू संध्याकाळी रिकाम्या जागा भरा सोडवणार नाही. शेवटी ठरलं ते असं : दोन गोष्टीची पुस्तकं मोठ्या अक्षराची, पाढ्यांचा एक पुठ्ठा, शंभर पानी वही, चार पेन्सिली, खोडरबर, शार्पनर. वहीत रोज फक्त एक ओळ लिहायची, आज काय बघितलं. तारीख घालून. बस. आणि झाकणाच्या आत शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित लेकराला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते, आणि जिथं जातील तिथल्या शाळेच्या सरांना-बाईंना माझं पत्र, की हे लेकरू आमचं आहे, कृपया वर्गात बसवा, दाखल्यासाठी थांबवू नका, माझा फोन नंबर हा. शिक्षणहक्क कायद्यात तसं आहेच, कागद नाही म्हणून लेकराला परत पाठवता येत नाही, पण कायद्यापेक्षा हातानं लिहिलेलं पत्र लवकर वाचलं जातं असं मला वाटतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. पिशव्या वाटल्या. प्रत्येकाचं नाव ऑइलपेंटनं घातलंय. नाव घातलेली वस्तू यांच्याकडं फार कमी असते, ते नावावरून बोट फिरवत बसले होते.

मग वर्गात सगळ्यांसमोर जागांचं केलं. प्रत्येक जाणाऱ्याच्या बसायच्या पट्टीवर नावाची चिठ्ठी सेलोटेपनं चिकटवली आणि राहणाऱ्यांना सांगितलं, इथं कोणी बसायचं नाही, रोज झाडताना ही पण जागा झाडायची. एकानं विचारलं, "मॅडम, ते नसल्यावर कशाला झाडायची?" मी काही बोलायच्या आत पाचवीतला दुसरा म्हणाला, "घर नाय का झाडीत आपुन, दादा पुण्याला असला तरी."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुरू. वर्गात २९. म्हणजे १५ नाही, १७ गेले. राहणार म्हणून ठरलेल्यातली दोन बहिणी आयत्या वेळी गेल्या, आजी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या पिशवीशिवाय गेल्या. सर म्हणाले दोन पिशव्या शिवून एसटीनं पाठवू.

हंगाम यंदा १५ नोव्हेंबरपासून आहे आणि मतदान २० ला. टोळ्या मात्र आधीच कारखान्यांवर पोचल्या, सांगली, कोल्हापूर, काही कर्नाटकात बेळगावकडं. त्यांच्या नावाची मतदार चिठ्ठी घेऊन बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, माझ्याकडंच आले होते विचारायला की ही माणसं कुठं.

१७ जागा रिकाम्या, चिठ्ठ्या लावलेल्या. पहिल्या तासाला मला वर्गाकडं बघवलं नाही, खरं सांगते.

२२ नोव्हेंबर

मतदानाचं काम झालं. प्रशिक्षण, साहित्य, मतदान धरून शाळा पुढंमागं तीन दिवस गेली, दोघांचीही ड्युटी होती. वसतिगृहाची मंजुरी वरून अजून आलेली नाही, ११ लेकरं मात्र १२ तारखेपासून संध्याकाळी शाळेत आहेत, त्यांना जेवायला घालावंच लागतं. दुपारची खिचडी आहे. संध्याकाळचं वस्तीतल्या घरांनी वाटून घेतलं, आज पीठ या घरचं, उद्या त्या घरचं, डाळ-तेल किराण्यात उधारीवर. समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या, "मॅडम, कागद येईल तवा येईल, लेकरू आठ वाजता जेवतं." आणि त्यांनी चूल पेटवली.

३० नोव्हेंबर

अपार आयडीचं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला द्यायच्या ओळख क्रमांकाचं, चालू आहे. पालकांची संमती हवी, सही हवी. पालक ३०० किलोमीटरवर उसात. फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला तर एका बापानं फडातूनच कागद कुठून तरी मिळवून सही करून फोटो पाठवला, कागदावर उसाच्या रसाचा चिकट डाग दिसतोय. बाकीच्यांचं परत आल्यावरच होईल असं वर कळवलं. रोज संध्याकाळी टक्केवारी विचारणारा मेसेज येतो.

त्यातलं एक चांगलं, सहीच्या निमित्तानं सगळ्यांचे चालू नंबर मिळाले. १७ लेकरं, १४ नंबर.

१९ डिसेंबर

फोनचा हिशोब लिहिते. दर गुरुवारी रात्री आठनंतर. त्याआधी माणसं कोपीवर नसतात आणि साडेनऊला झोपतात, कारण तीनला उठायचं असतं. पहिल्या आठवड्यात १४ पैकी ९ लागले. रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद, मग मी आणि सरांनी पाच जणांचे छोटे रिचार्ज मारले. आज ११ लागले.

फोनवर काय करायचं हे मला आधी कळलं नव्हतं. अभ्यास केला का विचारलं की लेकरू गप्प. मग वहीतली आजची ओळ वाच म्हटलं, आणि तिथून गाडी सुरू झाली. आजच्या काही ओळी मी जशाच्या तशा उतरवून घेतल्या :

"आज फडात ससा निघाला सगळी माणसं पळाली."
"टायरगाडी चिखलात रुतली बैल बसला उठलाच नाही."
"आईच्या बोटाला कोयता लागला चिंधी बांधली."
"आज काय नाही बघितलं धुकं होतं."

धुकं होतं म्हणून काय नाही बघितलं. हे तिसरीतल्या पोरीनं लिहिलंय. निबंधाच्या पुस्तकातलं "पहाटेचे रमणीय दृश्य" पाठ करून घेत होते मी यांच्याकडून.

पहिलीतल्या तिघांचं मात्र काहीच होत नाही. त्यांना अजून वाचता येत नाही, कोपीत वाचून दाखवणारं कोणी नाही, पिशवी उशाला घेऊन झोपतात असं आई सांगते. त्यांच्यासाठी मी मिनिटभराची गोष्ट आवाजात पाठवते. ऐकतात की नाही माहीत नाही, दोन निळ्या टिका येतात कधीकधी.

मंजुरी या आठवड्यात आली. किराण्याची उधारी फेडायला सुरुवात.

१२ जानेवारी २०२५, रविवार

काल सकाळी निघून रात्री पोचले, आज दिवसभर तळावर होते. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. एसटीचं अर्धं तिकीट असल्यामुळं जमलं. आमच्या वस्तीतले पाच कोयते एका टोळीत, सात लेकरं.

नांगरलेल्या मोकळ्या रानात कोप्या, बांबूच्या कमानी, वरून चटया, पाचट आणि निळं प्लास्टिक. आत वाकून जावं लागतं. सकाळी सातला गेले तर मोठं माणूस एकही नाही, सगळे फडात. दहाबारा कोप्या आणि नुसती लेकरं. चौथीतली एक, वर्गात माझ्या डाव्या हाताला दुसऱ्या ओळीत बसते ती, चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. दीड वर्षाचा भाऊ साडीच्या झोळीत, झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. भाकरी थापता थापता पाय हलवायची की झोळी हलायची. मला बघून उठायला गेली आणि झोळीला हिसका बसला, पोरगं रडायला लागलं. तिनं आधी भाकरी उलटली, मग त्याला घेतलं, मग मला म्हणाली, "मॅडम, बसा ना," आणि बसायला पोतं झटकून दिलं. नऊ वर्षांची आहे.

पिशवी कोपीच्या आतल्या बांबूला टांगलेली. वहीत ५१ ओळी. काही ओळींच्या खाली आकडे होते, ते मला कळेनात. म्हणाली, "पप्पाच्या गाडीचं वजन हाय मॅडम, काट्यावरची पावती बघून लिहिते. मुकादम सांगतो त्याच्यात अन् माझ्याच्यात एकदा फरक पडला." किलोचे टन करून, बेरीज करून, तिनं आठवड्याची ओळ काढली होती. दशांश चिन्ह कुठं द्यायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही, ते आमच्याकडं पाचवीला येतं. पावतीवर बघून बघून काढलंय तिनं.

जवळची शाळा दोन किलोमीटरवर आहे. माझं पत्र घेऊन बाप तिला घेऊन गेला होता, तिथल्या सरांनी लगेच वर्गात बसवलं, पुस्तकं दिली, काही अडवलं नाही. चार दिवस गेली आणि बंद झाली, कारण भाऊ. मी तिला घेऊनच शाळेत गेले, रविवार होता पण सर गावातच राहतात, भेटले. मी सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि तिला म्हणाले, "त्याला पण घेऊन ये बाळ. झोपला तर माझ्या टेबलामागं चादर टाकू." मला त्या माणसाला काय म्हणावं सुचलं नाही. नमस्कार केला.

दुपारी फडात गेले. आई वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याची, पेंढी बांधत होती, चार पैसे वाढ्याचे सुटतात तेवढेच हातात खेळतात. तिला सांगितलं उद्यापासून दोघं शाळेत जातील. ती म्हणाली, "मग भाकरी म्या पहाटं जादा थापून ठिवीन." म्हणजे अडीचला उठणार. मी तिचा अर्धा तास वाढवून आलेय, हे मला येताना गाडीत सारखं टोचत होतं आणि अजून टोचतंय.

३१ जानेवारी

आहारातली अंडी आणि नाचणी सत्त्वातली साखर यांचा सरकारी निधी बंद, लोकसहभागातून जमवा असा निर्णय आलाय. ज्या लेकरांना आठवड्याला एक अंडं हेच मोठं खाणं होतं त्यांचं ते गेलं. वस्तीत लोकसहभाग कुठून आणायचा, लोक तर उसात आहेत. दोन घरच्या कोंबड्या आहेत, त्या आज्यांशी बोलले, वसतिगृहाच्या ११ लेकरांपुरतं बघू म्हणाल्या.

१८ फेब्रुवारी

आमच्याकडून चार वर्षांपूर्वी पाचवी पास होऊन गेलेल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं. ती यंदा नववीत असायला हवी होती, सातवीलाच सुटली होती शाळा. घरी गेले, समितीच्या अध्यक्षा बरोबर होत्या, ग्रामसेवकांना कळवलं, लग्न पुढं ढकललंय असं घरचे म्हणतात. आपल्या जिल्ह्यात शंभरातल्या चाळीसच्या वर मुलींची लग्नं अठराच्या आत होतात हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आहे, आणि त्याचं एक कारण हा कोयता. जोडी असल्याशिवाय पूर्ण उचल मिळत नाही. आणि पोरगी मागं ठेवायची तर कोणाच्या भरवशावर, ही भीती आईबापाला खरोखर रात्री झोपू देत नाही.

ही पोरगी आमच्याकडं असताना दर वर्षी मार्चला परत यायची आणि मागं बसायची. मी पाचवीला तिला पास केलं, वाचायला अडखळत होती तरी. पुढं सहावीच्या शाळेत तिचं काय झालं असेल ते मला आज दिसतंय.

११ मार्च, मंगळवार

पट्टा पडायला लागलाय, म्हणजे हंगाम संपत आलाय. यंदा ऊस कमी, कारखाने लवकर बंद होतायत, एरवी एप्रिल उजाडतो. कालपासून सहा लेकरं आली. होळीला आणखी येतील.

काल सकाळी पहिला आला तो तोच, मागच्या वर्षी दारात उभा राहिलेला, आता तिसरीत. परत दारात उभा राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यानं आत मान घालून बघितलं, त्याच्या पट्टीवरची चिठ्ठी पिवळी पडलीय, सेलोटेप एका बाजूनं सुटलाय, पण नाव आहे. गेला आणि बसला. शेजारच्यानं सरकून सुद्धा दिलं नाही, कारण सरकायची गरजच नव्हती. दुसऱ्या तासाला सरांनी सातचा पाढा विचारला तर यानं हात वर केला. सात आठे त्रेपन्न म्हणाला. चुकला. पण हात वर होता.

२७ मार्च

१५ परत आले, दोघं कर्नाटकातून यायचेत. एकेकाला बाजूला घेऊन परिच्छेद वाचून घेतला, ऑक्टोबरला घेतला होता तसाच.

गेलेल्या १७ मध्ये तिसरी ते पाचवीची १० आहेत, दहाही परत आली आहेत. त्यातली ७ ऑक्टोबरला परिच्छेद वाचत होती. आज ५ वाचतात. दोन घसरली, ती दोघं फोन न लागलेल्या टोळीतली. मागच्या वर्षीचा असा लिहून ठेवलेला हिशोब माझ्याकडं नाही, पण आठवणीनं सांगते की मार्चला परिच्छेद वाचणारं मूल शोधावं लागायचं.

दुसरीची चार, आलेली तीन, तिघंही शब्दावरून अक्षरावर आली. पहिलीची तीन, आलेली दोन, सगळं पुसलं गेलंय, क पासून.

म्हणजे पिशवी वाचता येणाऱ्याला धरून ठेवते. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला ती नुसती पिशवी. हे मी सरांना म्हटलं तर ते म्हणाले, मग पहिली-दुसरीचं एकही लेकरू जाऊ द्यायचं नाही. बोलायला सोपं आहे, पण तीच तर सगळ्यात लहान, आईला सोडून न राहणारी. आजीला दिसत नसेल तर सहा वर्षांचं पोरगं रात्री कोणाकडं झोपणार. आमच्या वस्तीत दोन बायका अशा आहेत ज्या जात नाहीत, एकटं घर आहे. त्यांना वसतिगृहात रात्रीची सोबत म्हणून धरता येईल का आणि त्यांना त्याचे पैसे कुठून द्यायचे, यावर समितीत बोलायचंय.

१३ पिशव्या परत आल्या. एक बैलानं तुडवली, एक कारखान्याच्या आगीत कोपीबरोबर गेली, माणसं वाचली. दोन कर्नाटकात.

९ एप्रिल

राज्यात वार्षिक परीक्षा कालपासून. यंदा सगळ्या राज्याला एकच वेळापत्रक, २५ तारखेपर्यंत. पत्र्याच्या खोलीत साडेदहालाच बसवत नाही, पण आमच्यापुरतं बोलायचं तर उशिराची परीक्षा बरी पडली, आलेल्या लेकरांना चार आठवडे मिळाले. सकाळी सात ते नऊ जादा तास घेतोय, वसतिगृहातली पाचवीची पोरं पहिलीच्या दोघांना शिकवतात, मी लांबून बघते. एक जण अगदी माझ्या आवाजात ओरडतो.

कर्नाटकातले दोघे शुक्रवारी आले. त्यांच्या पिशव्या सगळ्यात स्वच्छ. उघडून बघितलं तर वही कोरी, पेन्सिली न तासलेल्या. पहिलीतला मोठ्या अभिमानानं म्हणाला, "मॅडम, म्या काय पण खराब नाय केलं."

मी त्याला सांगितलं नव्हतंच की खराब करायचीय. पुढच्या वेळी पिशवी देतानाच लेकरासमोर पहिली ओळ त्यात लिहायला लावायची, चित्र काढता आलं तर चित्र, नाहीतर नुसत्या रेघा. आजच त्याला मांडीवर वही देऊन काय बघितलं ते काढ म्हटलं. त्यानं एक लांब रेघ मारली आणि तिच्यावर खूप गोल. रेल्वे म्हणे, रोज तळाजवळून जायची.

३० एप्रिल

उद्या निकाल. कागद झाले. चौथीतली ती, झोळीवाली, तिकडच्या शाळेत जानेवारीपासून ३८ दिवस हजर, तिथल्या सरांनी हजेरी लिहून सही-शिक्क्यानं पाठवली, बरोबर तिच्या भावाचा टेबलामागं झोपलेला फोटो. ती हजेरी मी आमच्या हजेरीपटाला जोडली आहे. वर कोणी विचारलं तर दाखवीन.

तिची आई संध्याकाळी आली होती. उचल फिटलेली नाही, थोडी राहिलीय, म्हणजे यंदा परत जाणं आहे. बसली, पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "मॅडम, हिला पाचवीला ठिवायचंय हितंच. बारक्याला म्या नेते संगं, हिंडंल फडात. पर हिला ठिवायचंय. वजनाचं ती लिहिती तवापासून मुकादम नीट सांगतो, आता मला शिकवून जा म्हणलं तर हसती." मग जरा थांबून म्हणाली, "दोन महिनं हायेत, आकडं शिकवताल का मला?"

उद्या निकाल लागला की शाळेला सुट्टी, पण मी इथंच आहे. रोज संध्याकाळी सहाला यायला सांगितलंय. तिच्याबरोबर आणखी दोघी येणार म्हणाल्या. पाटी-पेन्सिल कपाटात आहेत, वजनाच्या जुन्या पावत्या घेऊन या म्हटलंय, त्याच्यावरूनच शिकवीन.

जूनसाठी लिहून ठेवते : नवे नंबर पहिल्याच आठवड्यात घ्यायचे. पहिली-दुसरीच्या घरी उचल घेण्याआधी जायचं, नंतर जाऊन उपयोग नाही. बॅनरचं कापड संपलंय, बघायचं कुठं मिळतंय.